नऊ ट्रेलर आणि दिपिकाची साखर

६ जुलै, शनिवार

दिपिकाला दिवस गेले आहेत! हे एक वाक्य लिहायचं म्हणून आज ऑफिसातून लवकर निघाले.

सकाळी नाश्त्याला हितेश आणि दिपिका दोघं माझ्यासमोर येऊन बसली. हितेश चहा ढवळत राहिला. या घरात चहात साखर पडत नाही, मग ढवळतोय काय? मी विचारलं, "कुठली गाडी ठोकली?" तर म्हणतो, "गाडी नाही गं आई. तू आजी होणार."

हे खुर्चीतून उठले ते थेट देवघरात. घंटा इतका वेळ वाजवली की वरच्या मजल्यावरून माणूस विचारायला आला.

मी पहिला प्रश्न डॉक्टरांचा विचारला. दिपिकाला बाराव्या वर्षापासून मधुमेह आहे. वयाबरोबर येतो तो नव्हे. तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, दिवसातून चार वेळा टोचून घ्यावं लागतं. लग्नाआधी तिने स्वतः माझ्यासमोर बसून हे सांगितलं होतं, आणि ते मला आवडलं होतं. आता कळलं की मूल व्हावं म्हणून ही दोघं जानेवारीपासून तयारीला लागली होती. तीन महिन्यांची सरासरी साखर खाली आणली, डोळे तपासले, मूत्रपिंडं तपासली, गोळ्या सुरू केल्या, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच पुढे गेली. मला वाटत होतं, ही वजनासाठी मोजून खाते.

घरात सहा महिने एवढी मोहीम चालली आणि मला पत्ता नाही! हितेश म्हणाला, "तुला उगीच त्रास नको म्हणून." मला कसला त्रास? मला सांगितलं असतं तर पहिल्या दिवसापासून सगळं हातात घेतलं असतं.

असो. आता घेते.

९ जुलै, मंगळवार

डॉ. फिजा मुकादम. नवीन पनवेलमध्येच दवाखाना. माझ्या अपेक्षेपेक्षा वयाने लहान, पण टेबलावर पसारा नाही, वेळेवर आत घेतलं. पसंत.

मी म्हटलं, "स्पष्ट सांगा. मी नऊ ट्रेलर चालवते, मला घाबरवून काही होत नाही." त्यांनी स्पष्ट सांगितलं. पहिल्या महिन्यांत साखर चढली तर बाळाच्या हृदयाला, मणक्याला धोका. पुढे चढली तर बाळ नको तेवढं फुगतं. आणि शेवटी शेवटी सगळं नीट दिसत असतानाही पोटातल्या पोटात काही बिघडू शकतं, म्हणून अडतिसाव्या आठवड्यापुढे थांबायचं नाही.

घरी येईपर्यंत माझे हात गार होते. ते इथेच लिहिते, कुणाला सांगितलं नाही.

मी आकडे मागून घेतले. उपाशीपोटी पंचाण्णवच्या आत, जेवल्यावर दोन तासांनी एकशेवीसच्या आत, सत्तरच्या खाली जायचं नाही. आकडा मिळाला की मला बरं वाटतं. बंदर असो की बाळ, मर्यादा कळली की काम करता येतं.

डॉक्टरांनी काहीही विचारलं की मी पटापट उत्तरं देत होते. दोनदा म्हणाल्या, "काकी, मी त्यांना विचारतेय." जरा फटकळ आहेत. चालेल, मीही आहे.

१८ जुलै, गुरुवार

काय यंत्र निघालंय! दिपिकाच्या दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवलेली असते. ती सारखी साखर मोजते आणि आकडा तिच्या मोबाइलवर जातो. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की तो आकडा दुसऱ्याच्या मोबाइलवरही पाठवता येतो. मी हितेशला म्हटलं, माझ्यावर लाव. त्याने दिपिकाकडे बघितलं. ती हसली, म्हणाली, "लाव. नाहीतर आई मला दर तासाला फोन करतील."

आज पळस्प्याच्या ऑफिसात डाव्या हाताला स्क्रीनवर ट्रेलर, उजव्या हाताला मोबाइलवर दिपिका. न्हावा शेवा बंदराच्या गेटवर तीन गाड्या रांगेत अडकल्या होत्या आणि दिपिका एकशेचारवर होती. इतकं समाधान कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

३ ऑगस्ट, शनिवार

दुपारी मोबाइल ओरडला. एकोणसाठ! आणि बाण खाली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिल्या तीन महिन्यांत साखर अचानक पडते. दिपिका कामावर होती. कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात ती कागदपत्रं बघते. तिला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. तिसऱ्यांदा मी सरळ तिच्या साहेबांना लावला आणि सांगितलं, "जे काय चाललंय ते थांबवा आणि माझ्या सुनेला ग्लुकोजचं पाणी द्या. उभं राहून बघा, पूर्ण पिते की नाही."

पंधरा मिनिटांत एकशेदहा.

संध्याकाळी दिपिका म्हणाली, "आई, मी तेव्हा ग्लुकोजच घेत होते. म्हणून फोन उचलला नाही. तोंडात होतं. साहेब धावत आले तेव्हा अख्खं ऑफिस बघत होतं." मी म्हटलं, "बघू दे, त्यांनाही जबाबदारी कळेल." ती म्हणाली, "पुढच्या वेळी मलाच फोन करा. किंवा पाच मिनिटं थांबा."

पाच मिनिटं! ज्याचं त्याला माहीत, पाच मिनिटं कशी जातात.

२२ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी सात ते नऊ माझ्या मोबाइलवर आकडे येत नाहीत. हितेश म्हणतो, नेटवर्कचा प्रॉब्लेम. त्याच वेळात ती दोघं फिरायला जातात, त्यामुळे घरी बघताही येत नाही. मोबाइल कंपनीला तक्रार केली. त्यांच्या बाजूने काहीच बिघाड नाही म्हणाले. सगळे असंच म्हणतात.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी होती. मला बाहेर बसवलं. शेजारची बाई दिवाळीच्या चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारत होती, मी काय सांगितलं कोण जाणे.

चारही कप्पे व्यवस्थित! डॉ. मुकादम स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, "काकी, तुमच्या सुनेनं पहिले तीन महिने फार छान सांभाळले." मी म्हटलं, "आम्ही सांभाळले." त्या हसल्या.

येताना यांनी रिक्षा थांबवून नारळ घेतला, देवळात फोडला आणि रस्त्यातल्या एका पूर्ण अनोळखी माणसाला खोबरं देऊन सांगितलं, "आमच्या नातवंडाचं काळीज बरं हाय!" तो बिचारा "अभिनंदन" म्हणून पळाला. मी रागावले नाही. आज रागावताच येईना.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दिपिकाचा इन्सुलिनचा डोस वाढतच चाललाय. खाणं तेच, चालणं तेच, भाताची वाटी मी स्वतः मोजून वाढते, तरी डोस दर आठवड्याला चढतो. मला हे अजिबात आवडलं नाही. डॉक्टरांना विचारलं, आमचं काय चुकतंय?

म्हणाल्या, "काही नाही. वार मोठी होतेय. वार बाळाला पोसते आणि इन्सुलिनला आडवी येते. डोस वाढतोय म्हणजे वार कामाला लागलीय. हे असंच व्हायला हवं." दिपिकाने मान डोलावली. डॉक्टर लोक काहीतरी समजूत घालतात. मला कळतं ते एवढंच, की औषध वाढणं ही चांगली गोष्ट नव्हे. त्यामुळे उद्यापासून नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला आणि जेवल्यावर सेक्टरला दोन फेऱ्या. हे म्हणाले, "आगो, पोरीला जरा खाऊ दे. दोन जिवांची हाय ती." मी म्हटलं, "दोन जिवांची आहे म्हणूनच मोजते."

मोजायला माझं काय जातं? पण बशीतली भाकरी मोजताना तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही कधीकधी. मग मी भाकरीकडे बघते.

१२ जानेवारी, रविवार

नणंद आली होती. नीता वन्सं उरणहून येतात तेव्हा हातात एक पिशवी कोळंबीची आणि जिभेवर एक पिशवी टोमण्यांची असते.

"वयनी, मोबाइलमधी काय बघताव? गाडी पोचली का?"

"दिपिकाची साखर."

"जल्ली मेली ती साखर! आमची पोरं काय मोबाइल बघून झायली?" मग दिपिकाकडे वळून, "गो बाय, डोहाळजेवण कवा? सातवा गेला ना."

सातव्यात साखर चढत होती म्हणून मीच पुढे ढकललं होतं. आता ९ फेब्रुवारी ठरवलं. शंभर बायका. वन्सं म्हणाल्या, "डोहाळजेवणात पोरीला काय देशील, मेथीचं पाणी?"

रात्रीच्या जेवणाला दिपिकाने रोज चार वेळा टोचलेलं पोट दाखवलं. टोचायला जागा शोधावी लागते म्हणाली, कातडी ताणलीय. गंमत म्हणून सांगत होती. मी म्हटलं, "बस की थोडे दिवस राहिले." दुसरं काय म्हणायचं असतं ते मला सुचत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

जिंकलो! कालपासून दिपिकाचा डोस खाली येतोय. परवा गुरुवारी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा होता तेवढाच होता. काल सकाळी तिला कमी लागला, आज आणखी कमी. तरी साखर कशी, तर ऐंशी, नव्वद, पंच्याऐंशी. एकदा पासष्ट. शेवग्याचा पाला! नाचणी! दोन महिने सगळे माझ्यावर हसत होते. मी हितेशला म्हटलं, "लिहून ठेव, डॉक्टरांनी जे केलं नाही ते तुझ्या आईच्या भाकरीने केलं."

दिपिका म्हणाली, "आई, मी मुकादम मॅडमना फोन करू का?" मी म्हटलं, "कर की, सांग त्यांना." मग मांडववाला आला आणि ते राहूनच गेलं.

९ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस गेला! हात दुखतायत, पाय सुजलेत, घसा बसलाय आणि मी अजून बसून लिहितेय.

दिपिका हिरव्या साडीत, फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद. चकती झाकली जाऊ नये म्हणून मी फुलवाल्याला तो दंड मोकळा ठेवायला सांगितलं होतं. पाच जणींनी ओटी भरली. मग दोन वाट्या उपड्या ठेवायचा प्रकार. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी, पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी, असा खेळ. मी एकीखाली काकडी ठेवली आणि एकीखाली गाजर.

वन्संनी दोन्ही वाट्या उचलून बघितल्या आणि शंभर बायकांसमोर ओरडल्या, "बायांनो, हे डोहाळजेवण नाय, कोशिंबीर हाय!" हसून हसून मांडव हलला. मीसुद्धा हसले. दिपिकाने गाजर उचललं.

मी तिच्या खुर्चीमागे मोबाइल घेऊन उभी होते. जी बाई घास भरवायला येईल तिचा हात मी आधी बघायचे. "तो लाडू ठेवा. हे ढोकळ्याचं घ्या. एवढंसं." कुणीतरी म्हणालं, पळस्प्याला नाका बसवलाय. बसवलाच होता! तरी वन्संनी माझी पाठ वळल्यावर दोन पेढे आणि अर्धी पुरणपोळी भरवलीच. ते मला जेवणं झाल्यावर कळलं. कोपऱ्यात नेऊन म्हटलं, "तुम्हाला काही कळतं का?" तर म्हणतात, "पोरीनं मागितलं नाय, पण तोंड तर उघडलं!"

दिपिकाने पेढ्यांसाठी म्हणून थोडंसं इन्सुलिन घेतलं होतं. एरवी घेते त्याच्या अर्धंही नाही. मी मोबाइल बघत बसले. एक तास. एकशेपाच. दोन तास. एकोणनव्वद. मग सदुसष्ट! दोन पेढे आणि पुरणपोळी खाऊन सदुसष्ट! मी मोबाइल सगळ्यांना दाखवत फिरले. वन्सं म्हणाल्या, "झायला की तुमचा डायबेटिस बरा!" आणि टाळी दिली. मीही घेतली.

दिपिकाला सरबत प्यावं लागलं, साखर वर आणायला. ती हळूच म्हणाली, "आई, असं व्हायला नकोय." मी म्हटलं, "आज तरी चांगलं बोल."

फोटो सुंदर आलेत. एका फोटोत ती दोन्ही हात पोटावर ठेवून, मान खाली घालून, जणू काही ऐकतेय अशी बसलीय. बाजूला सगळ्या नाचतायत. फोटोवाला म्हणाला, मॅडम, ही पोज सगळ्यात भारी, सांगितली पण नव्हती. तो फोटो मोठा करून घेणार आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

क्रमाने लिहिते.

सकाळी दिपिका तयार होऊन उभी. म्हणाली, दवाखान्यात जायचंय. मी म्हटलं, आपली तारीख गुरुवारची आहे. ती म्हणाली, "गुरुवारपर्यंत थांबायचं नाही. डोस एक तृतीयांश कमी झालाय आणि काल दुपारपासून बाळाची हालचाल मंद आहे." मी म्हटलं, "काल दिवसभर बसून होतीस, दमलंय. आता कुठे सगळं मार्गावर आलंय. तू गेलीस तर ते दाखल करून घेतील आणि पोट फाडतील. अजून दोन आठवडे हातात आहेत. दोन आठवडे बाळाचे आहेत ते."

तिने कधी आवाज चढवला नाही, आजही चढवला नाही. म्हणाली, "आई, सतरा वर्षं मी हे टोचतेय. साखर फुकट कधीच उतरत नाही."

मी पर्स उचलली आणि ऑफिसला निघून आले. खरं सांगायचं तर राग आला होता. दोन महिने भाकऱ्या मी थापल्या. त्या भाकऱ्यांनी साखर उतरली, असं तिने म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

हितेश खाली गाडी काढत होता, वरचं बोलणं त्याच्या कानावर नव्हतं, तोही माझ्याबरोबर ऑफिसला आला. ऑफिसात त्याने डिझेलचे आकडे माझ्यासमोर टाकले. नवा ड्रायव्हर विठू, न्हावा शेव्याहून भरलेला कंटेनर घेऊन आला आणि डिझेल खाल्लं नेहमीच्या निम्म्याहून थोडंच जास्त. हितेश खुश. "बघ, काय ॲव्हरेज दिलाय! याला बक्षीस देऊ या."

मी वर न बघता म्हटलं, "बक्षीस कसलं? भरलेली गाडी एवढं कमी खात नाही. ती ओढतच नव्हती. लोड कुठे उतरला ते विचार."

आणि माझा हात तिथेच थांबला.

ओढतच नव्हती.

वार कामाला लागलीय म्हणून डोस वाढतोय, असं त्या बाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं. मग डोस उतरला म्हणजे काय झालं? इतक्या वर्षांत एकाही ड्रायव्हरला मी असा ॲव्हरेज मान्य केला नाही, आणि माझ्या घरात मी टाळ्या घेत फिरले.

हितेशला म्हटलं, "गाडी काढ." तो म्हणाला, "विठूकडे?" मी म्हटलं, "विठू गेला खड्ड्यात. घरी."

पळस्प्याचा चौक कधी नव्हे तो मोकळा होता. घरी पोहोचलो तर दिपिका दारातच, चप्पल घालून, बॅग खांद्याला. रिक्षा मागवली होती तिने. माझी वाट बघत नव्हती ती. ते बरंच झालं. मी म्हटलं, "चल, मागे आडवी हो, डाव्या कुशीवर." ती बॅग उशाला घेऊन आडवी झाली.

डॉ. मुकादमनी पोटाला पट्टे बांधले. बाळाच्या ठोक्यांची रेघ कागदावर येते. ती वरखाली हलायला हवी, ती जवळजवळ सपाट. मग सोनोग्राफी, नाळेतला रक्तप्रवाह. मग दिपिकाला म्हणाल्या, "दरवेळी याचा अर्थ वाईट नसतो. पण तुमची वार थकलीय. आता बाळ पोटापेक्षा बाहेर सुरक्षित. आज ॲडमिट, लगेच तयारी, सकाळपर्यंत थांबणार नाही." आणि मग, "फार वेळेवर आलात."

माझ्याकडे बघून म्हणाल्या ते. मी म्हटलं, "हिनं आणलं. मी गुरुवारी येणार होते."

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी!! पहाटेच झाली. दोन किलो चारशे. रडली! पहिल्यांदा नाही रडली, मग रडली. दरवाजाबाहेर ऐकू आलं. हे म्हणाले, "आयला, आवाज तर तुजाच हाय!"

दिपिका बरी आहे. बाळ काचेच्या पेटीत. उतरली होती बाळाची साखर. मला आधी पटेचना, बाळाला कुठला मधुमेह? तर तसं नाही म्हणाले. पोटात आईची साखर वापरायची सवय असते, नाळ तुटली की पुरवठा बंद, आणि बाळाचं स्वतःचं इन्सुलिन चालूच. म्हणून सलाइनमधून साखर देतायत. जिची साखर नऊ महिने उतरवली तिच्या मुलीला साखर चढवतायत. मी उभ्या उभ्या हसले आणि मग मला खुर्ची दिली कुणीतरी.

काचेतून बघितलं. नाक हितेशचं. बोटं लांब आहेत, दिपिकाची. मूठ मात्र घट्ट, ती कुणाचीही असो, मला आवडली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दिपिकाला चाकाच्या खुर्चीवरून बाळाकडे नेलं. नर्स बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब घेत होती. सारखं सारखं घेतात. टाच माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. मी नर्सला म्हटलं, "अहो, किती वेळा टोचाल? माणूस आहे ते!"

दिपिका म्हणाली, "आई, घेऊ द्या त्यांना." मग थोड्या वेळाने, "माझी आई पण असंच भांडली होती. मी बारा वर्षांची होते. मला फार लाज वाटली होती तेव्हा."

मी विचारलं, "आणि आता?"

म्हणाली, "आता बरं वाटलं."

बासष्ट आला. बाळाचा. नर्स म्हणाली, छान आहे. दिपिकाने माझा हात दाबला की मी तिचा, लक्षात नाही.

वन्सं डिंकाचे लाडू घेऊन आल्या. दारातूनच परत पाठवणार होते. मग दिपिकाकडे बघितलं. ती म्हणाली, "एक खाईन, हिशेब करून." मी बाजूला झाले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाळ पेटीतून बाहेर! सलाइन काढलं, साखर आपली आपण टिकवतेय. हितेश "इरा" म्हणून हाक मारतो, अजून ठरलेलं नाही, पण हे कालपासून बाहेर प्रत्येकाला तेच नाव सांगत सुटलेत, त्यामुळे ठरल्यातच जमा.

दुपारी तिला पहिल्यांदा आईजवळ पाजायला आणलं. भुकेने लाल झाली होती. खोली डोक्यावर घेतली. नर्स म्हणाली, "घ्या मॅडम पटकन, किती रडतंय बाळ."

दिपिकाने मोबाइल बघितला. ऐंशी, आणि बाण खाली. दूध पाजताना आईची साखर भराभर उतरते, आणि बाळंतपणानंतर तर डोस अगदी थोडा लागतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाजायच्या आधी काहीतरी खायचंच. तिने एकदा बाळाकडे बघितलं, एकदा समोरच्या ताटाकडे. आणि हात बाळाकडे गेले.

मी मध्ये आले. बाळाला नर्सच्या हातातून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि ताट दिपिकाच्या मांडीवर सरकवलं. भाकरी, अंड्याची पोळी, थोडा भात. मोजलेला नव्हता. तिचा तीच मोजेल.

नर्स म्हणाली, "आजी, बाळ केवढं रडतंय!"

हे पण दारातून, "आगो, दे ना तिला. कळवळतंय पोर."

"रडू दे," मी म्हटलं. "फुप्फुसं चांगली होतील." मग इराला समोर धरून तिच्या डोळ्यांत बघून स्पष्ट सांगितलं, "ओरडायचं नाही. आधी तुझी आई जेवणार. मग तू. या घरात हेच चालणार."

ती क्षणभर गप्प झाली. मग दुप्पट जोरात सुरू झाली. चार दिवसांची आहे आणि आजीला उलट बोलते! मला इतका आनंद झाला की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

मागे दिपिका भाकरी मोडत होती. सावकाश, चावून चावून. मी एकदाही वळून बघितलं नाही की किती खाल्लं.